गोव्याहून वाळवंटाकडे: दोघांनी गाडीने करायच्या प्रवासाची तयारी, टप्प्याटप्प्याने

वाळवंटात पाहण्याजोगा वेळ दिवसातून दोनदाच मिळतो. उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत, आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात प्राणी झुडपांच्या सावलीत बसलेले असतात, जमिनीलगतची हवा थरथरते आणि दुर्बिणीतही सगळं वितळल्यासारखं दिसतं. गोव्याहून कच्छ आणि थरकडे गाडी काढणारी बरीच जोडपी पोहोचायला किती तास लागतील याचा हिशेब करतात आणि नेमक्या या दोन वेळा रस्त्यावर घालवतात. म्हणून हा सगळा आराखडा त्या दोन वेळा मोकळ्या राहतील अशा बेताने मांडला आहे. दिवस जास्त लागतात, ठिकाणं कमी होतात. मला हा सौदा मनापासून पटतो.

आधी ठरवा: कुठलं वाळवंट, किती दिवस

या वाटेवर तीन वेगवेगळे प्रदेश आहेत. पहिला कच्छचं छोटं रण, म्हणजे घुडखरांचं (रानगाढवांचं) अभयारण्य. १९७३ साली घोषित झालेलं, जवळजवळ ४,९५० चौरस किलोमीटरचं. दुसरा कच्छचं मोठं रण आणि त्याला लागून असलेला बन्नीचा गवताळ पट्टा. तिसरा जैसलमेर-बाडमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क, १९८० सालचं, ३,१६२ चौरस किलोमीटर. नावात नॅशनल पार्क असलं तरी कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य आहे. आत गावं आहेत, शेतं आहेत, शेळ्या-मेंढ्या चरतात. मोले किंवा बोंडल्याला जातो तसं एका फाटकातून आत शिरून जंगल सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

तिन्ही प्रदेश स्वतःच्या गाडीने नीट पाहायचे तर तीन आठवड्यांची रजा हवी. साधारण ४,३०० ते ४,५०० किलोमीटर होतात. बारा दिवस असतील तर राजस्थान सोडा आणि फक्त कच्छ करा. आठवडाच असेल तर मोपा किंवा दाबोळीहून विमानाने अहमदाबाद गाठा, तिथे गाडी भाड्याने घ्या आणि छोटं रण व धोळावीरा हे हडप्पाकालीन नगर एवढंच पाहा. आठवड्यात गोव्याहून गाडीने जाऊन यायचा विचार करू नका. सगळा आठवडा महामार्गावर संपेल.

भावनगरजवळचं वेळावदर हे काळवीटांचं राष्ट्रीय उद्यान वाटेतच बसवता येतं. जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचा गवताळ पट्टा, पण थंडीत संध्याकाळी भोवत्या जातीचे शिकारी पक्षी शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात. सुरतजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला गाडी नेणारी फेरीबोट आहे, तिने खंबातच्या आखाताचा वळसा वाचतो. तिकीट आधी काढावं लागतं आणि समुद्र खवळलेला असला की फेरी रद्द होते. त्यामुळे त्या दिवसाला पर्यायी रस्ता हाताशी असू द्या.

कधी जायचं

छोटं रण आणि वेळावदर पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. चवथ आटोपून लगेच निघालात तर रणात पाणी असतं आणि ऊनही कडक असतं. पांढरं रण, म्हणजे मोठ्या रणातला मिठाचा पट्टा, डिसेंबरपर्यंत पूर्ण वाळत नाही. नाताळ ते नववर्ष या दिवसांत गोव्यातून बाहेर पडायची ओढ समजण्यासारखी आहे, पण त्याच आठवड्यात पांढऱ्या रणाजवळच्या धोरडोला आणि जैसलमेरलाही तुफान गर्दी असते.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे मकरसंक्रांतीनंतरचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. संक्रांत गुजरातेत उत्तरायण म्हणून १४ आणि १५ जानेवारीला साजरी होते. त्या दोन दिवसांत सगळं गाव गच्चीवर असतं, दुकानं बंद, रस्त्यावर मांजा. ते दिवस टाळा. पौर्णिमेच्या रात्री पांढऱ्या रणात जायची हौस असेल तर मुक्काम बराच आधी राखावा लागतो. माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरचा मरु महोत्सव असतो, तेव्हा तिथल्या खोल्या मिळणं कठीण.

गोव्यात जानेवारीतली पहाटही वीस अंशांच्या आसपास असते. जैसलमेरला त्या महिन्यात दुपारी २३-२४ आणि पहाटे ७-८ अंश, उघड्या जीपमध्ये वाऱ्याने त्याहून कमी वाटतं. एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या: आत थर्मल, मध्ये लोकर, वरून वारा अडवणारं काही. कानटोपी आणि हातमोजे दोघांनाही लागतात. आपल्या दमट हवेला सवयलेल्या त्वचेला थंडीपेक्षा कोरडेपणा जास्त छळतो. ओठ फुटतात, टाचा चिरतात, काहींच्या नाकातून रक्त येतं. खोबरेल तेलाची छोटी बाटली सोबत ठेवा आणि रात्री नाकपुड्यांना आतून बोट फिरवा.

गाडीची तयारी

एक गोष्ट आधीच: गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या काळ्या पाटीच्या गाड्या राज्याबाहेर न्यायला बहुतेक मालक परवानगी देत नाहीत. स्वतःची गाडी नसेल तर अहमदाबाद किंवा जोधपूरला भाड्याने घ्या.

स्वतःची साधी हॅचबॅक किंवा सेडान पुरते, फोर व्हील ड्राइव्हची गरज नाही. डांबरी रस्ता सोडायचा असेल तिथे तुम्ही स्थानिकांच्या जीपमध्ये बसणार आहात. निघण्याआधी पंधरा दिवस सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नको, म्हणजे काही राहिलं असेल तर इथल्याच रस्त्यांवर कळेल. मेकॅनिकला चार गोष्टी मुद्दाम सांगा. कूलंट तपासून बदल. बॅटरीच्या टर्मिनलवर आपल्या खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, तो साफ कर. एसीचा फिल्टर बदल. आणि इंजिनाचा एक नवा एअर फिल्टर सोबत दे, कारण बन्नीतल्या धुळीनंतर जुना भरून जातो.

टायरवर पैसे वाचवू नका. कच्छ आणि पश्चिम राजस्थानात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गांडो बावळ म्हणून झुडूप माजलेलं आहे, आणि त्याचे काटे जाड टायरमधूनही आत जातात. गाडी सावलीत लावायला डांबरावरून खाली उतरलात की पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेस टायरचा पंक्चर किट आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप घ्या. दोघांनीही घरासमोर एकदा खोटंखोटं पंक्चर काढून पाहा, स्टेपनी बदलून पाहा, जॅक कुठे टेकवायचा ते बघून ठेवा. हे काम दोघांपैकी एकालाच येत असेल तर तयारी अर्धीच झाली असं समजा.

वाळूत चाक रुतलं तर पहिली प्रतिक्रिया ॲक्सिलरेटर दाबायची होते. ती आवरा, चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. स्टिअरिंग सरळ करा, पुढच्या चाकांसमोरची वाळू हाताने बाजूला काढा, पायाखालच्या रबरी मॅट चाकांपुढे घाला. तरीही जमेना तर हवा ३३ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर या. डांबरावर आल्यावर लगेच हवा भरा, कमी हवेवर वेगात चालवलं तर टायर तापून फाटू शकतो.

रणातलं प्रकरण वेगळं. तिथे वरचा मिठाचा पापुद्रा कडक दिसतो आणि खाली चिखल असतो. समोर जीपच्या चाकांचे ठसे दिसले म्हणून त्यावर गाडी घालू नका. जीपवाला कुठला पट्टा वाळला आहे हे रोज पाहत असतो, आपण पाहत नाही.

कागदपत्रं नेहमीचीच: आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे परवाने, फास्टॅगमध्ये भरपूर शिल्लक. पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, गुजरातेतही तसंच, राजस्थानात चांगलंच महाग. टाकी घरून भरून निघा, गुजरातेत भरा आणि थराद सोडण्यापूर्वी पुन्हा काठोकाठ भरून घ्या. लिटरला १५ किलोमीटर धरले तर सगळ्या प्रवासाला ३०० लिटरच्या आसपास इंधन लागेल.

बाटली घरीच

गुजरातेत १९६० पासून, म्हणजे राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. जीए नंबरप्लेट पाहिल्यावर सीमेवरचे पोलीस डिकी उघडायला सांगण्याची शक्यता भरपूर. कच्छमधल्या यजमानांसाठी फेणी न्यावी, असं कुणाला वाटलं तर त्याला थांबवा. गोव्यात विकलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणंही गुन्हा आहे, त्यामुळे गुजरात येण्याआधीच अडचण होऊ शकते. निघायच्या आदल्या दिवशी डिकी, सीटखालची जागा, दारातले कप्पे सगळं रिकामं करा. मागच्या सहलीतली अर्धी बिअरची बाटली कुठे राहिलेली नाही ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. दमणवरून जाताना काही विकत घेण्याचा विचारही नको.

गाडीत ठेवायचं असेल तर कोकमाचं आगळ ठेवा. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे आगळ, गूळ, चिमूटभर मीठ. भर दुपारच्या कोरडेपणावर याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, शिवाय दहा लिटरचा एक कॅन डिकीत कायम भरलेला. तो प्यायचा नाही, अडकलात तरच उघडायचा.

खाण्याची अडचण होत नाही, फक्त मासळी विसरा. छोट्या रणात बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, खिचडी-कढी. बन्नीतल्या भिरंडियाराला म्हशीच्या दुधाचा ताजा मावा. राजस्थानात केर-सांगरी, गट्ट्याची भाजी, दाल-बाटी. सुकं सुंगट नेण्याचा मोह होईल, पण वाटेतली बरीच घरं आणि मुक्कामाच्या जागा शुद्ध शाकाहारी आहेत. ज्यांच्या घरात झोपतो त्यांच्या नाकाचा मान ठेवायला हवा.

दोघांमधलं वाटप

दोघांच्या प्रवासात भांडणं बहुधा दोन कारणांनी होतात: भूक आणि अंधार पडल्यावरही संपत नसलेला रस्ता. दोन्ही आधीच टाळता येतात.

दर दोन तासांनी चालक बदला, थकवा असो वा नसो. गोव्यातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर डोळे आपोआप जागे राहतात. बाडमेरच्या सरळ रस्त्यावर तसं होत नाही. तिथे झापड न सांगता येते आणि वेगाचा अंदाज चुकतो. समोरून येणारा ट्रक दूर वाटतो आणि एकाएकी जवळ येतो. बाजूला बसलेल्याचं काम रस्ता सांगणं, पाणी देणं आणि डाव्या-उजव्या बाजूची जनावरं पाहणं. उंट, गाई, नीलगाई कुठूनही रस्त्यावर येतात. बाजूच्याने चालवण्यावर टीका करायची नाही. धोका दिसला तर ‘गाय’, ‘ट्रक’ असा एकच शब्द मोठ्याने म्हणायचा. आमच्या गाडीत मी जास्त चालवते आणि नवरा नकाशा व दुर्बीण सांभाळतो. हे वाटप निघण्यापूर्वी ठरलेलं असलं की वाटेत त्यावर बोलावं लागत नाही.

सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. हा नियम कुठल्याही कारणाने मोडू नका.

घरून निघण्यापूर्वी प्रत्येकाने या प्रवासातली एकेक गोष्ट निवडा, जी काही झालं तरी होणारच. एकाला धोळावीरा पाहायचं असेल, दुसऱ्याला माळढोक. वेळ कमी पडला तर बाकी सगळं कापायचं, या दोन सोडून. आणि दुपारच्या मोकळ्या वेळात दिवसाआड तासभर एकमेकांपासून वेगळे बसा. तीन आठवडे एका गाडीत, एका खोलीत राहणाऱ्या कुठल्याही दोन माणसांना याची गरज असते.

स्वच्छतागृहाचं आधीच बोलून ठेवावं. महामार्गावर पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं आहेत, पण रणात काहीच नाही आणि आडोसाही नाही. जीपमध्ये बसण्यापूर्वी मुक्कामावर जाऊन या. पाळीच्या दिवसांचं सामान घरूनच पुरेसं न्या, खेड्यातल्या दुकानावर अवलंबून राहू नका. ओळखपत्र दोघांचं लागतं. लग्न न झालेल्या जोडप्यांना कायद्याने आडकाठी नसली तरी काही हॉटेलं खोली नाकारतात, म्हणून आधी फोन करून स्पष्ट विचारून घ्या.

रस्ता: गोवा ते दसाडा

पहिला दिवस पणजी ते पनवेल किंवा लोणावळा. चोर्ला घाटाने बेळगाव, तिथून कोल्हापूर, सातारा, पुणे. पहाटे पाचला निघा. कोल्हापूर-सातारा भागात रुंदीकरणामुळे वळवलेले रस्ते लागतात, तेवढा वेळ जास्त धरा.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून पुन्हा पहाटे पाचला, म्हणजे घोडबंदर रस्ता गर्दीच्या आधी पार होतो. तो एकदा मागे पडला की वडोदऱ्यापर्यंत फक्त ट्रकांचा संयम लागतो. सुमारे ४२० किलोमीटर, दुपारी पोहोचता. तिसऱ्या दिवशी वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्ग, मग साणंद, विरमगाम आणि छोट्या रणाच्या काठचं दसाडा. सुमारे २०० किलोमीटर, जेवणाच्या वेळेला मुक्कामी. चारला जीपमध्ये बसायला तयार.

छोटं रण: दोन रात्री

दसाडा आणि झैनाबादला राहायची सोय आहे. वनविभागाचा परवाना आणि जीप मुक्कामाच्या ठिकाणचे लोकच बघतात, प्रवेश बहुतेक बजाणा बाजूने होतो. स्वतःची गाडी मुक्कामावरच राहू द्या.

इथे पाहायला शिकावं लागतं. आपल्याकडच्या रानात वीस पावलांपुढचं दिसत नाही, त्यामुळे कान जास्त वापरले जातात. रणात दोन-दोन किलोमीटर दिसतं आणि तरीही काही दिसत नाही, कारण नजर कुठेच टेकत नाही. ८×४२ ची दुर्बीण घ्या, दोघांना दोन असतील तर उत्तम. क्षितिजाची रेघ धरून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश सरका. मग थोडं खाली येऊन उलट दिशेने. बेट म्हणतात ते रणातले उंचवटे, ज्यावर गवत आणि झुडपं उगवतात, त्यांच्या कडा नीट पाहा. घुडखर सकाळी तिथून उघड्यावर येतात. फिकट तांबूस अंग, पांढरं पोट, पाठीवर गडद पट्टा. आशियाई रानगाढवाची ही उपजात आता जगात फक्त याच भागात उरली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर रोगाने ती संपत आली होती, ती सावरली. २०२४ च्या गणनेत ७,००० हून जास्त मोजली गेली. पळताना पाहण्याच्या हौसेने जीप मागे लावायला सांगू नका. जीपवाल्याला आधीच म्हणा, ‘लांबून दाखवा, आम्हाला घाई नाही.’ तोही खूश होतो.

पाणथळ जागांवर रोहित, क्रौंच, पेलिकन. उघड्या जमिनीवर आखूड कानांचं घुबड आणि नशीब असेल तर वाळवंटी कोल्हा.

दुसऱ्या दिवशी एक फेरी अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या, मिठागरांवर काढा. आगरवाडा किंवा नेरूलची मिठागरं पाहिलेल्या माणसाला तिथे खूप काही दिसेल. आपल्याकडे भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घेतात. इथे समुद्र दूर आहे आणि खारं पाणी जमिनीखालून पंपाने उपसतात. पाऊस ओसरला की कुटुंबं रणात झोपड्या घालतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. पूर्वी सगळे पंप डिझेलवर चालत, आता पुष्कळ ठिकाणी सौर पॅनेल दिसतात. फोटो काढण्याआधी विचारा, चहा दिला तर बसून प्या.

बन्नी, पांढरं रण, धोळावीरा

दसाड्याहून भुजला अडीचशे किलोमीटर. भुजला रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी बन्नीत होडका किंवा धोरडोच्या बाजूला मुक्काम हलवा. पांढऱ्या रणाचा परवाना ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या चौकीवर मिळतो, ओळखपत्र लागतं. रणोत्सवाच्या तंबूंच्या गर्दीत राहण्यापेक्षा गावातल्या भुंग्यात, म्हणजे मातीच्या गोल घरात, राहावं असं मला वाटतं. संध्याकाळी पांढऱ्या रणावर सगळेच जातात, सकाळी जा. काळो डुंगर हा कच्छचा सर्वांत उंच डोंगर, ४६२ मीटर. तिथून पूर्ण रणाचा पसारा कळतो. खावड्याच्या पुढे सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याला नागरिकांना मोकळीक नाही, नकाशात दिसला तरी जाऊ नका. ड्रोन या सगळ्या पट्ट्यात आणायचाच नाही.

खावड्याहून धोळावीऱ्याला जाणारा नवा रस्ता रणातून थेट जातो, दोन्ही बाजूंना पाणी किंवा मीठ. भुजहून भचाऊ-रापरवरून जाण्याचा मोठा वळसा त्याने वाचवला. सकाळी लवकर जा, कारण वाहन थांबवून फोटो काढणारे नंतर फार वाढतात. थांबायचं तर गाडी पूर्ण कडेला घेऊन, आणि रस्त्याच्या उतारावरून रणात उतरू नका.

धोळावीऱ्याला एक रात्र हवीच. हडप्पा संस्कृतीचं हे नगर २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. दोन ओढ्यांचं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि नगराभोवतीच्या दगडी हौदांत साठवायचं, ही त्यांची व्यवस्था. वाळवंटातून इतके दिवस फिरल्यावर पाण्याचे कॅन मोजणाऱ्या माणसाला ते हौद वेगळेच दिसतात. वाटाड्या घ्या, त्याच्याशिवाय ते नुसते दगड आहेत. जवळच जीवाश्म झालेल्या झाडाचं खोड आहे, तेही पाहून घ्या.

राजस्थानात

धोळावीरा ते बाडमेर हा संपूर्ण प्रवासातला वाळवंटामधला सर्वांत लांब दिवस. राधनपूर, थराद, सांचोर, बाडमेर. उजाडताच निघा, मुक्काम बाडमेरला. दुसऱ्या दिवशी जैसलमेर दीडशे किलोमीटर आहे. त्याच्या अलीकडे सुमारे १७ किलोमीटरवर अकल इथे जीवाश्म उद्यान आहे: सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातली, दगड झालेली खोडं. आता जिथे सावलीला झाड शोधावं लागतं तिथे एकेकाळी दाट अरण्य होतं.

जैसलमेरच्या किल्ल्यात राहू नका, बाहेर राहा. आतल्या हॉटेलांचं सांडपाणी मुरून किल्ल्याच्या पायाला धोका झाला आहे. किल्ला पाहायला एक दुपार पुरे. खरा मुक्काम खुडीला, जैसलमेरच्या नैऋत्येला. समच्या वाळूच्या टेकड्यांवर रात्री मोठ्याने गाणी वाजतात आणि जीपांची रांग असते, खुडीत वाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

डेझर्ट नॅशनल पार्कसाठी जैसलमेरच्या वनविभागाच्या कार्यालयातून परवानगी घ्या आणि सुदासरीच्या कुंपण घातलेल्या गवताळ भागासाठी स्थानिक वाटाड्या ठरवा. दोन सकाळी राखून ठेवा. सेवण नावाचं गवत, केर, फोग, रोहिडा, आणि जागोजागी खेजडी, म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. चिंकारा सहज दिसतात. गिधाडं दिसतात. उन्हं वर आली की बिळाच्या तोंडाशी काटेरी शेपटीचा सांडा बसतो.

आणि माळढोक. इथे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, पण महाराष्ट्राच्या माळावरून तो जवळजवळ नाहीसा झाला. आता जगातल्या उरलेल्या शे-दीडशे पक्ष्यांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी उडताना डोळ्यांच्या ठेवणीमुळे समोरच्या विजेच्या तारा वेळेवर पाहू शकत नाही. जैसलमेरभोवती पवनचक्क्या आणि तारांचं जाळं किती पसरलं आहे ते तुम्हाला रस्त्यावरूनच दिसेल. सम इथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालतं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. ते केंद्र पर्यटकांसाठी नाही, तिथे आत सोडा म्हणून आग्रह धरू नका.

माळढोक दिसेलच असं कुणी सांगत असेल तर तो वाटाड्या घेऊ नका. दिसला तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, खाली उतरू नका. त्याने मान ताठ करून चालायला सुरुवात केली म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात, मागे या. पक्षी घरट्याजवळ असेल तर एका फोटोपायी अंडं सोडून जातो, आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते.

लोंगेवाला आणि तनोट पाहायचं असेल तर एक दिवस वाढवा. तनोटपर्यंत परवान्याशिवाय जाता येतं, त्यापुढे सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. त्या रस्त्यावर मोबाइलला रेंज तुटक असते, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. नकाशाने सुचवलेले कच्चे शॉर्टकट घेऊ नका.

खिचन आणि परतीचा रस्ता

जैसलमेरहून पोकरणमार्गे फलोदी, तिथून खिचन अगदी जवळ. संध्याकाळी पोहोचून तिथेच राहा. मध्य आशियातून येणारे करकोचे, ज्यांना तिथले लोक कुरजां म्हणतात, थंडीत हजारोंनी इथे उतरतात. गावातल्या चुग्गाघरात त्यांना रोज धान्य टाकतात. हे काम गावातल्या जैन कुटुंबांनी सुरू केलं आणि पुढे चालवलं. सूर्य वर आल्यावर थवे येतात, आधी आकाशात बराच वेळ घिरट्या घालतात, मग एकेक तुकडी उतरते. गच्चीवरून पाहायची सोय आहे, गप्प बसून पाहा. ११ च्या सुमारास तेच पक्षी गावाबाहेरच्या तळ्यावर मिळतात. २०२५ मध्ये खिचन रामसर यादीत आलं.

जोधपूरला एक दिवस विश्रांती. गाडी सर्व्हिस सेंटरला देऊन खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घ्या, रणातलं मीठ चासीला चिकटलेलं असतं आणि गोव्याच्या दमट हवेत परतल्यावर ते लोखंड खायला लागतं. एअर फिल्टर इथेच बदला. त्या दिवशी जवळच्या खेजडलीला जाऊन या. १७३० मध्ये खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवी आणि तिच्याबरोबर एकूण ३६३ बिश्नोई इथे मारले गेले. भोवतालच्या गावांत आजही चिंकारा आणि काळवीट माणसांना न घाबरता शेतात चरतात.

परतताना जोधपूर ते अहमदाबाद एक दिवस, अहमदाबाद ते पनवेल दुसरा, पनवेल ते घर तिसरा. हे तीन दिवस मुळीच कमी करू नका. घरी पोहोचायच्या ओढीने एका दमात गाडी हाकणं हाच या प्रवासातला सर्वांत धोकादायक भाग आहे, आणि शेवटच्या दिवशी चोर्ला घाट उजेडात उतरता आला पाहिजे. पनवेल सोडताना तेवढा हिशेब करून निघा. बेळगावला चार वाजून गेले असतील तर तिथेच राहा.